भुसावळच्या यार्डात चकवा: अर्बन फँटसीत प्रेमकथा गुंफायची कशी

अर्बन फँटसीच्या मराठी हस्तलिखितांत एकच घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो. पहिली पाच प्रकरणं भुताटकीची, पुढची दहा प्रेमाची, आणि विसाव्या प्रकरणात लेखकाला आठवतं की अरे, शहरात माणसं गायब होत होती, त्याचं काय झालं? मग घाईघाईने एक मांत्रिक येतो आणि सगळं निस्तरतो.

असं होतं कारण जादूचे नियम एका वहीत ठरतात आणि प्रेमातला अडथळा दुसऱ्या वहीत. दोन्ही एकाच मुळातून फुटले पाहिजेत. खालचा सगळा क्रम तेवढ्यासाठीच आहे. हिशेब सुमारे ४० हजार शब्दांच्या, २४ प्रकरणांच्या कादंबरीचा धरला आहे आणि उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: भुसावळच्या रेल्वे यार्डात रात्रपाळी करणारी पॉइंट्समन (गाड्यांसाठी रुळांची वाट बदलणारी कर्मचारी) ज्योती, आणि त्याच यार्डात वावरणारा एक चकवा, म्हणजे वाट चुकवणारं भूत.

## १. आधी ठरवा: कणा कशाचा?

अर्बन फँटसी म्हणजे आजच्या, ओळखीच्या शहरात घडणारी अद्भुत गोष्ट. तिचा कणा बहुधा एखादा तपास, धोका किंवा सत्तेची झुंज असतो आणि प्रेम बाजूने चालतं. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये उलट: प्रेम हा कणा, धोका बाजूला. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येत रोमान्ससाठी दोनच अटी आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायक हवा. दुसरी अट पुष्कळजण विसरतात.

कणा ओळखायची चाचणी सोपी आहे. कथेचा सारांश दहा ओळींत लिहा. प्रेमाच्या ओळी खोडा. उरलेली गोष्ट उभी राहत असेल तर तुमची अर्बन फँटसी आहे, कोसळत असेल तर रोमान्स आहे. मग पूर्ण सारांश परत घ्या आणि जादूच्या ओळी खोडा. तरीही गोष्ट जशीच्या तशी चालत असेल, तर तुम्ही साधी प्रेमकथा लिहिताय आणि भूत शोभेला आणलंय.

इशारा: रोमान्स म्हणून जाहिरात केलेल्या कादंबरीत शेवटी नायकाला मारू नका. वाचक त्याला शोकांतिका म्हणत नाही, फसवणूक म्हणतो. नायक मरणारच असेल तर मुखपृष्ठावर आणि मलपृष्ठावर प्रेमकथेचा वास येऊ देऊ नका.

## २. शहर निवडा, आणि तेही एक किलोमीटरच

'खानदेशात घडणारी गोष्ट' हे निवडणं झालं नाही. जळगावात स्टेशन, नेहरू चौक, टॉवर चौक, सराफ बाजार एवढा पट्टा पुरे. धुळ्यात नंबरी गल्ल्या आहेत, आणि गल्ल्यांना नंबर असलेल्या शहरात एखादा नंबर भलत्याच जागी निघणं ही आयती सुरुवात आहे. आपण भुसावळ घेतलं, कारण तिथे रूळ फुटतात: एक वाट नागपूरकडे, एक खंडव्याकडे, एक जळगावकडे, आणि जळगावातून पुढे पुन्हा मुंबई आणि सुरत अशा दोन.

निवडलेल्या पट्ट्यात तीन वेळा जा: पहाटे, भर दुपारी, रात्री अकरानंतर. प्रत्येक वेळी अर्धा तास. काय उघडं, काय बंद, कोण बसलंय, कसला वास येतोय, उजेड कुठून पडतोय, एवढंच टिपायचं. (यार्डात विनापरवाना शिरू नका. तो गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही. पादचारी पुलावरून दिसतं तेवढं बघा आणि बाकीचं यार्डात नोकरी केलेल्या माणसाला विचारा.)

सगळ्यात जास्त चुका हवामानात होतात. धुकं, ओले फरसबंदी रस्ते, चामड्याचं जॅकेट घातलेला नायक. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणाऱ्या गावात चामड्याचं जॅकेट घालून कोणी दिसला, तर लोक त्याला भूत समजणार नाहीत, वेडा समजतील. खानदेशाचा भीतीचा तास वेगळा आहे. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार शटर खाली, रस्ता ओस, डांबर मऊ, कुत्रीसुद्धा नालीच्या गारव्यात. 'भर दुपारी बाहेर फिरू नको' असं आपल्याकडे पोरांना बजावतात ते उगीच नाही. उलट रात्री अर्धं गाव गच्चीवर झोपलेलं असतं. म्हणजे रात्री गल्लीत काही घडलं तर वरून चाळीस जण बघणार. हे लक्षात न घेता लिहिलेला मध्यरात्रीचा पाठलाग स्थानिक वाचक पहिल्याच परिच्छेदात हसून सोडून देतो.

तपासा: तुमच्या पहिल्या प्रकरणातून गावाचं नाव काढून 'नाशिक' लिहिलं तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर अजून एक फेरी मारा.

## ३. भूत स्थानिक घ्या, पण पारखून

व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ आणायची गरज नाही. मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, वेताळ, सात आसरा, चकवा एवढी मंडळी घरातच आहेत. मात्र प्रत्येकजण प्रेमकथेत बसत नाही.

मुंजा नायक म्हणून बाद. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मेला तो मुंजा, म्हणजे मूल. तो दोनशे वर्षं पिंपळावर असला तरी मूलच राहतो. त्याला चुगलखोर दोस्त करा, बातम्या पुरवणारा करा, नायक नाही.

अश्वत्थामा अनेकांना खुणावतो. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंबा डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. जखमेसाठी तेल मागत तो रानात फिरतो असं लोक सांगतात. अमर, शापित, एकटा: नायकाचे सगळे गुण दिसतात. पण ती लोकांची चालू श्रद्धा आहे, आणि शापाचं कारण झोपेत मारलेली मुलं आणि गर्भावर सोडलेलं अस्त्र हे आहे. ते गाळून नुसता देखणा अमर पुरुष उरवला तर जाणता वाचक पुस्तक मिटेल. तीच गोष्ट कानबाईची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघरी बसते. तिला कथेतलं 'पात्र' करू नका, फार तर सणाची रात्र पार्श्वभूमीला घ्या.

इशारा: 'डाकीण' हा शब्द नायिकेला गंमत म्हणूनही लावू नका. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच प्रथांविरुद्ध आहे. मादक, बंडखोर चेटकीण ही कल्पना दुसऱ्या कुठल्या शहरात निरुपद्रवी असेल, इथे नाही.

चकवा सोयीचा का? त्याला देव मानत नाहीत, त्याचं ठरावीक रूप नाही, आणि त्याचं काम एकच: वाट चुकवणं. माणूस रात्रभर त्याच शेतात गोल फिरतो आणि तांबडं फुटलं की बघतो तर बांधावरच उभा. या एका गुणावर अख्खी कादंबरी उभी राहते.

## ४. नियम तीन ओळींत, चौथी ओळ नाही

एक ओळ शक्तीची, एक मर्यादेची, एक किमतीची. आपल्या उदाहरणात:

१. चकव्याबरोबर चालणारा माणूस ठरवलेल्या ठिकाणी पोचत नाही.

२. लोखंड त्याला ओलांडता येत नाही. रुळांच्या मधल्या पट्ट्यातूनच तो चालतो, आणि सांधा (रूळ जिथे फुटतात तो पॉइंट) ज्या बाजूला लागला असेल त्याच बाजूला वळू शकतो.

३. कोणाला मुद्दाम खरी वाट दाखवली, तर त्या माणसाची एक आठवण चकव्याच्या मनातून पुसली जाते.

दुसरी ओळ आकाशातून पडलेली नाही. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, त्याच समजुतीची ती पुढची पायरी आहे. वाचकाला नवा नियम पटवायला दोन पानं लागतात, त्याच्या आजीचा नियम वापरला तर दोन वाक्यं.

आता नियम नायिकेच्या नोकरीवर घासून बघा. पुष्कळ कादंबऱ्या इथे घसरतात. ज्योती पॉइंट्समन आहे, म्हणजे ती हवा तेव्हा सांधा फिरवेल आणि चकव्याला हवं तिकडे नेईल असं लिहायचा मोह होतो. प्रत्यक्षात आज बहुतेक पॉइंट दूरच्या नियंत्रण पॅनलवरून, विजेच्या मोटरने फिरतात. पॉइंट बिघडला तरच माणूस क्रँक हँडल घेऊन जागेवर जातो, हाताने फिरवतो, क्लॅम्प लावतो, कुलूप घालतो आणि मगच गाडीला वाट मिळते. हे कळल्यावर कथा अडत नाही, सुधारते: ज्योतीला चकव्याची वाट बदलता येते ती फक्त बिघाडाच्या रात्री, वरिष्ठांच्या हुकमाने, आणि कुलपाची किल्ली परत द्यायची असते. भेटी मोजक्या झाल्या. तणाव आपोआप आला.

तपासा: शेवटच्या प्रकरणातला पेच या तीन ओळींतूनच सुटतो का? चौथा नियम लागला तर तो सहाव्या प्रकरणाच्या आत पेरा, नाहीतर काढून टाका.

## ५. गुपित कोणापासून?

मोठ्या शहरात अद्भुत जग लपून राहतं, कारण तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. भुसावळ-जळगावात हे चालत नाही. रात्रपाळी करून पोरगी वीस मिनिटं उशिरा आली तर समोरच्या काकू चहाच्या आधी विचारतात. त्यामुळे 'सामान्य लोकांना काहीच माहीत नाही' हा आयात केलेला नियम इथे खोटा वाटतो.

त्याऐवजी आपल्या गावांचा खरा नियम वापरा: माहीत सगळ्यांना असतं, बोलत कोणी नाही. 'त्या लायनीकडे रात्री जायचं नाही' एवढंच सांगतात, का ते विचारलं की विषय बदलतात. जुने गँगमन (रुळांची देखभाल करणारे कामगार) यार्डाच्या एका टोकाला डबा उघडत नाहीत. चहावाला एक कप जास्त ओततो आणि कोणासाठी ते सांगत नाही. गुपित फोडणाऱ्याला शिक्षा जादूची नको, गावाची द्या: लोक बोलायचे थांबतात.

याचा प्रेमकथेला थेट फायदा होतो. ज्योती आणि चकव्याचं गावाला कळणार आहेच. प्रश्न एवढाच की पहिल्यांदा मोठ्याने कोण म्हणणार. आणि अद्भुत नायक आणला म्हणून घर, जात, आईबाप, बघायला आलेलं स्थळ ही मंडळी गायब होत नाहीत. त्यांना गायब केलंत तर प्रेम हवेत तरंगतं.

## ६. अडथळा नियमातूनच काढा

'घरचे विरोध करतात' हा अडथळा चालेल, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला अडथळा तीन ओळींतूनच निघाला पाहिजे. ज्योतीचं काम वाट देणं, त्याचा स्वभाव वाट चुकवणं. ती त्याला भेटायला निघाली की पोचत नाही. भेट होते ती ज्योती दुसऱ्याच कामाला निघालेली असताना. तिच्या सुटकेसाठी त्याने खरी वाट दाखवली की तो तिला थोडं विसरतो. म्हणजे प्रत्येक मदतीने ते दूर जातात.

तपासाचा धागाही इथेच बांधा: रात्री मालगाडीचे डबे भलत्या मार्गावर सापडतात, चौकशी ज्योतीवर येते, यार्डातले जुने लोक चकव्याकडे बोट दाखवतात. तिला नोकरी वाचवायची तर त्याच्याविरुद्ध सांगावं लागेल, आणि असं काही साहेबांच्या कागदावर लिहिता येत नाही. एकाच गाठीत प्रेम, नोकरी आणि रहस्य.

इशारा, आणि हा गंभीर आहे: मन वळवणारी, भुलवणारी शक्ती नायकाकडे असेल तर ती प्रिय व्यक्तीवर चालते का हे आधी ठरवा. चकव्याने ज्योतीला तिच्या नकळत एकदाही गोल फिरवून स्वतःजवळ आणलं, तर पुढचा प्रत्येक जवळिकीचा प्रसंग नासतो. तिची संमती तिची राहत नाही. असं घडवायचंच असेल तर तो त्याचा अपराध म्हणून लिहा, ज्योतीला कळू द्या, तिला रागवू द्या. 'किती प्रेम करतो' म्हणून खपवू नका.

## ७. दोन धाग्यांचं वेळापत्रक

२४ प्रकरणं, प्रत्येकी सुमारे १६५० शब्द. कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे रहस्य, उजवीकडे प्रेम. अर्बन फँटसी असेल तर उजवा रकाना सात-आठ प्रकरणांत भरलेला पुरतो, रोमान्स असेल तर पंधराच्या आसपास हवा.

पहिली भेट दुसऱ्या प्रकरणात, त्यापुढे ढकलू नका. पाचव्यात नाइलाजाने एकमेकांची मदत. नवव्यात तो किमतीची ओळ अर्धीच सांगतो. बाराव्यात जवळीक, आणि त्याच प्रकरणात त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा. हे दोन वेगळ्या प्रकरणांत टाकलं की मधला भाग सैल पडतो. अठराव्यात फाटाफूट. बाविसाव्यात तिच्या हातात क्रँक हँडल, समोर दोन वाटा. शेवटची दोन प्रकरणं परिणामांची.

नेहमीची चूक म्हणजे फाटाफूट गैरसमजावर उभी करणं. 'एक फोन केला असता तर मिटलं असतं' असं वाचकाला वाटलं की संपलं. फाटाफूट खऱ्या माहितीवर हवी: ज्योतीला कळतं की मागच्या तीन मदतींत तो तिचं नाव विसरला आहे.

मालिका लिहायची असेल तर रहस्य या भागात संपवा आणि प्रेमाचा एकच प्रश्न उघडा ठेवा. दोन्ही उघडे ठेवून 'पुढील भागात' लिहिलं की वाचक पुढचा भाग उघडत नाही.

## ८. तुम्ही, तू आणि 'भाऊ'

मराठीत प्रेमाची एक पायरी फुकट मिळते आणि लेखक ती वाया घालवतात: 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं. ते कोणत्या प्रकरणात होणार हे वेळापत्रकात लिहून ठेवा. आधी कोण येतं, दुसरा लगेच येतो की मागे राहतो, भांडणात परत 'तुम्ही' होतं का. आपल्या उदाहरणात ज्योती आधी 'तू'वर येते, पंधराव्या प्रकरणात.

सुरुवातीची भेट:

"तुम्ही रोज इथेच असता?"

"बाहेर जायची वाट सापडत नाही."

"मी दाखवते ना."

"नका. मी बरोबर असलो तर तुम्हालाही सापडणार नाही."

आणि पंधरावं:

"थांब." तिने कंदील वर केला. "गाडी जाऊ दे आधी."

तो थांबला. गाडी गेली. मग म्हणाला, "तुम्ही मला काय म्हणालात?"

दुसऱ्या उताऱ्यात प्रेमाचा शब्द एकही नाही. 'थांबा'चं 'थांब' झालं, आणि त्याला ते ऐकू आलं.

खानदेशातली एक खास अडचण: इथे प्रत्येक अनोळखी पुरुष 'भाऊ' असतो. रिक्षावाला भाऊ, साहेब भाऊ, नगरसेवक तर भाऊच. ज्योती अंधारात कोणाला हाक मारेल तर 'ओ भाऊ' अशीच. हे टाळून तिला 'कोण आहेस तू?' म्हणायला लावलंत तर ती दूरदर्शनच्या मालिकेतली वाटेल. उलट पहिली हाक 'भाऊ'च ठेवा आणि ती कधी बंद होते ते वाचकाला मोजू द्या.

बोलीचंही तसंच. सगळ्यांच्या तोंडी अहिराणी घालू नका. धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोली. भुसावळच्या स्टेशनात हिंदी सर्रास. एकाला 'माले', दुसऱ्याला 'मले', एवढा फरक कानाला लगेच कळतो. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळा म्हणजे डोया. पण प्रत्येक शब्द तसा लिहिलात तर बाहेरचा वाचक अडखळतो. एका पात्राला तीन-चार ठरलेले शब्द द्या आणि ते पाळा. राग आणि प्रेम या दोन वेळी माणूस घरच्या बोलीत शिरतो, ते मात्र पूर्ण वाक्य लिहा, आणि ती बोली बोलणाऱ्या दोघांकडून वाचून घ्या. एकाकडून नको, गावागणिक फरक असतो आणि तो एकटा शपथेवर चुकीचं सांगेल.

## ९. दुरुस्तीच्या तीन फेऱ्या

खर्डा झाल्यावर दोन आठवडे बाजूला ठेवा. पहिल्या फेरीत फक्त नियम बघा. चकव्याने कुठे रूळ ओलांडला का? ओलांडलेला असतोच, कमीत कमी दोन ठिकाणी, बहुधा प्रेमाच्या प्रसंगात, कारण लेखकाला त्या दोघांना जवळ आणायची घाई असते. दुसऱ्या फेरीत फक्त वेळ आणि अंतर: भुसावळ ते जळगाव साधारण २५ किलोमीटर, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. ज्योती सहाला रात्रपाळी संपवून सव्वासहाला जळगावच्या सराफ बाजारात उभी असेल तर चकवा तिलाच लागलाय.

तिसऱ्या फेरीत फक्त संवाद, मोठ्याने. प्रत्येक 'तुम्ही' आणि 'तू'खाली पेन्सिलीने रेघ मारत जा. पंधराव्या प्रकरणाआधी एखादा 'तू' निसटलेला सापडेल. तो कोणाच्या तोंडून निसटला ते बघा. चकव्याच्या तोंडून असेल तर खोडायच्या आधी जरा थांबा. कदाचित वेळापत्रकच बदलायला हवं.